पेढीपासून दूर : दक्षिण युरोपातील अडीच महिने

व्यापारी माणसाला निवृत्ती नसते, असे आपल्यात म्हटले जाते आणि ते पुष्कळ अंशी खरेही आहे. सरकारी नोकर साठी गाठतो, सत्काराचा नारळ घेतो आणि दुसऱ्या दिवसापासून त्याचा वेळ त्याच्या मालकीचा होतो. दुकानदाराला असा नारळ कोणी देत नाही. तीर्थयात्रेला निघाला तरी त्याचे निम्मे चित्त गादीवर असते. लग्नकार्यासाठी परगावी गेला तर तेथील बाजारात एक फेरी मारून भाव विचारल्याखेरीज त्याला चैन पडत नाही. या सवयीनेच आपल्या पेढ्या उभ्या राहिल्या, हे विसरून चालणार नाही. परंतु या सवयीची किंमत घरातील दुसऱ्या एका व्यक्तीने मुकाट्याने भरलेली असते, आणि ती रक्कम कोणत्याही खतावणीत दिसत नाही.

आम्ही उभयतांनी २०२५ साली दक्षिण युरोपात अडीच महिने काढले. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने त्यावर लिहिण्याची सूचना केली तेव्हा नुसत्या स्थळांची यादी देण्यात अर्थ नाही, असे वाटले. ती यादी कोणत्याही मार्गदर्शक पुस्तकात मिळते. जुन्या व्यापारी शहरांतून सावकाश हिंडताना एका व्यापाऱ्याने आणि त्याच्या गृहिणीने काय पाहिले, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

प्रवासाची आखणी

बेळगावच्या खडेबाजारात आमचे कापडाचे दुकान आहे. माझी ही तिसरी पिढी. दोन्ही मुलगे आता दुकानात आहेत. आमच्या सौभाग्यवतींनी लग्नानंतरच्या अडतीस वर्षांत यात्रा पुष्कळ केल्या, पण नुसती विश्रांती म्हणून केलेला प्रवास एकही नाही. परदेशाची गोष्ट निघाली तेव्हा प्रवासी कंपन्यांची पत्रके आम्ही मागविली. दहा दिवसांत सात देश, रोज सकाळी सामान बांधणे, रोज रात्री नवे हॉटेल, असा त्यांचा थाट होता. सौ.नी ती पत्रके वाचून बाजूला ठेवली आणि आपल्या दोन अटी सांगितल्या. एका गावी निदान आठ दिवस राहावयाचे, आणि दुकानात रोज फोन करावयाचा नाही. दुसरी अट पहिलीपेक्षा अवघड होती. अखेर आठवड्यातून एकदा, रविवारी, दुकानाशी बोलावे असा तह झाला.

काळ निवडणे हाही पेच होता. महावीर जयंती झाल्यावर निघावे आणि चातुर्मास लागण्यापूर्वी परतावे, हे सर्वांत सोयीचे. तिकडचा उन्हाळा जुलै-ऑगस्टमध्ये प्रखर होतो, त्यामुळे हवामानाच्या दृष्टीनेही हाच काळ उत्तम. पण आपल्याकडे तीच ऐन लग्नसराई. वर्षाच्या विक्रीचा मोठा हिस्सा त्या दोन-अडीच महिन्यांत होतो, आणि त्या काळात मी गादीवर नाही असे एकही वर्ष गेलेले नव्हते. मुलांनी आग्रह केला, सौ. काही बोलल्या नाहीत. आणि त्यांचे काही न बोलणेच मला अधिक ऐकू आले. एप्रिलच्या मध्यास आम्ही निघालो.

पोर्तुगाल, स्पेन व इटली हे तिन्ही देश शेंगेन व्यवस्थेत असल्याने एकच व्हिसा पुरतो. त्यावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा मात्र काढावाच लागतो. तिन्ही देशांत युरो हेच चलन चालते, म्हणून पैसे बदलण्याचा घोळ राहत नाही. आम्ही हॉटेलांऐवजी स्वयंपाकघर असलेली लहान घरे भाड्याने घेतली, आणि आमचा प्रवास सुखाचा होण्याचे निम्मे श्रेय या एका गोष्टीला आहे.

लिस्बन

पहिला मुक्काम पोर्तुगालच्या राजधानीत, लिस्बनला, तीन आठवडे. बेळगावकराला गोवा हा शेजार. त्यामुळे लिस्बन अगदीच परके वाटत नाही. तेथील दुकानांच्या पाट्या वाचू लागलो आणि आपल्या बोलण्यातले कितीतरी शब्द एकेक करून भेटू लागले. पाव, बटाटा, साबण, चावी, पगार हे सर्व शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आले. बाजारपेठेत आपण ज्याला ‘लिलाव’ म्हणतो तो शब्दही त्यांचाच. सौ. तर रोज संध्याकाळी नवा सापडलेला शब्द वहीत टिपून ठेवीत.

नदीच्या काठी तीन बाजूंनी कमानींच्या इमारती असलेला एक भव्य चौक आहे. पूर्वी तेथे राजवाडा होता. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात, त्यामागून आलेल्या समुद्राच्या लाटांत आणि आगीत तो नष्ट झाला. मार्क्विस द पोंबाल या मंत्र्याने शहर नव्याने बांधले, तेव्हा तेथील व्यापाऱ्यांनी आपल्या आयात मालावर शेकडा चार टक्के देणगी स्वतः देऊ केली. नव्या चौकाला ‘व्यापार चौक’ असे नाव मिळाले. गावातील लोक मात्र आजही त्याला जुन्याच ‘राजवाड्याचे पटांगण’ या नावाने ओळखतात. बेलें भागातील जेरोनिमोस मठ हे तेथील दुसरे विलक्षण स्थान. त्याच्या कोरीव खांबांवर दोर, गाठी, समुद्रवनस्पती यांची नक्षी आहे आणि आत वास्को द गामाची समाधी आहे. पूर्वेच्या मसाल्यावर बसविलेल्या कराच्या पैशातून हे बांधकाम झाले. म्हणजे त्या दगडांत मलबारची मिरी आहे, असे म्हटले तरी चालेल. तो व्यापार किती जोरजबरदस्तीने झाला हे गोव्याच्या शेजाऱ्याला वेगळे सांगावयास नको. मठ पाहताना दोन्ही गोष्टी मनात होत्या.

२५ एप्रिल हा तेथील राष्ट्रीय सण. १९७४ साली त्या दिवशी सैन्यातील तरुण अधिकाऱ्यांनी अनेक दशकांची हुकूमशाही उलथून टाकली आणि लोकांनी शिपायांच्या बंदुकांच्या नळ्यांत लाल कार्नेशनची फुले खोवली. अजूनही त्या दिवशी रस्त्याने आबालवृद्ध ते फूल हाती घेऊन चालतात. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला होता, पण पोर्तुगालने ते मान्य केले ते या क्रांतीनंतरच, ३१ डिसेंबर १९७४ च्या कराराने. आमच्याही हाती एका आजीबाईंनी एकेक फूल दिले.

त्यानंतर तिसऱ्याच दिवशी, २८ एप्रिलला, दुपारच्या आधी पोर्तुगाल व स्पेन या दोन्ही देशांची वीज एकाच वेळी गेली. ट्रॅम जागच्या जागी थांबल्या, भुयारी रेल्वे बंद पडली, चौकांतले दिवे विझले. पैसे देण्याची यंत्रे मुकी झाली. आमच्यापाशी रोकड फारच थोडी होती. ज्या घरात आम्ही उतरलो होतो त्याच्या खाली एक लहानसे किराणा दुकान होते आणि त्याचा वृद्ध मालक रोज आमच्याशी खुणांनी बोलत असे. त्याने मेणबत्त्या, पाणी, पाव आणि फळे पिशवीत भरून दिली. नंतर काउंटरखालून एक वही काढली, पेन्सिलीने त्यात रक्कम लिहिली आणि आम्हाला वर जाण्याची खूण केली. आमचे नावही त्याने विचारले नाही. रात्री उशिरा वीज आली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पैसे दिले आणि त्याने त्या ओळीवर काट मारली. जगातील सगळी यंत्रे बंद पडली की व्यापार पुन्हा एका वहीवर आणि एका माणसाच्या दुसऱ्यावरील विश्वासावर येऊन उभा राहतो, हे मी इतक्या स्पष्टपणे पूर्वी पाहिले नव्हते.

सेव्हिल

लिस्बनहून बसने स्पेनमधील सेव्हिलला गेलो. मे महिन्याच्या दुपारी तेथे आपल्यासारखेच ऊन असते आणि दुपारी दोनपासून पाचपर्यंत बहुतेक लहान दुकाने बंद असतात. पुण्याच्या दुपारच्या ज्या गोष्टी आपण थट्टेने सांगतो त्या तेथे शिष्टाचार म्हणून पाळल्या जातात! आम्हीही पडदे ओढून निवांत पडत असू. दुपारी झोपण्याचा प्रसंग माझ्या आयुष्यात आजारपणाखेरीज आला नव्हता.

तेथील महामंदिराशेजारी एक चौकोनी, शांत, तांबूस विटांची इमारत आहे. सोळाव्या शतकात अमेरिकेशी चालणारा सारा व्यापार सेव्हिलमधून होई आणि व्यापारी मंडळी सौदे करण्यासाठी थेट चर्चच्या पायऱ्यांवर, आणि ऊन-पाऊस असला तर आतही, जमत. धर्माधिकाऱ्यांनी तक्रार केली. तेव्हा दुसऱ्या फिलिप राजाच्या काळात व्यापाऱ्यांसाठी ही स्वतंत्र इमारत बांधली गेली. पुढे नदीतील गाळामुळे व्यापार काडिझ बंदराकडे गेला आणि १७८५ साली तिसऱ्या चार्ल्स राजाने ही जागा अमेरिकेविषयीच्या सर्व सरकारी कागदपत्रांना दिली. आज तेथे सुमारे ८ कोटी पाने जतन केली आहेत. सौदा संपला, सोने-चांदी कोठल्या कोठे गेली, आणि कागद तेवढे शिल्लक राहिले!

व्हॅलेन्सिया

स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावरील व्हॅलेन्सियात आम्ही दोन आठवडे राहिलो. संत्र्यांचा हा मुलूख. संत्र्याला स्पॅनिश भाषेत ‘नारान्हा’ म्हणतात आणि त्या शब्दाचे मूळ आपल्या ‘नारंग’ या संस्कृत शब्दात आहे. फळाबरोबर नावही पूर्वेकडून अरबांच्या हाताने तेथवर गेले.

आपल्या सभासदांपैकी कोणी त्या बाजूस गेला तर त्याने तेथील ‘ला लोन्हा’ ही रेशीम व्यापाऱ्यांची वास्तू चुकवू नये. १४८२ साली तिचे बांधकाम सुरू झाले आणि १९९६ साली युनेस्कोने तिला जागतिक वारशात स्थान दिले. मुख्य दालनात पीळ दिलेल्या दोरासारखे उंच खांब आहेत आणि ते छतापाशी ताडाच्या झावळ्यांसारखे उमलतात. भिंतीच्या वरच्या कडेने सोनेरी अक्षरांत लॅटिन लेख फिरविला आहे. त्याचा आशय असा की, ज्याच्या बोलण्यात कपट नाही, जो शेजाऱ्याला दिलेला शब्द मोडत नाही आणि जो पैसा अवाजवी व्याजाने लावत नाही, तो व्यापारी समृद्ध होईल आणि अंती शाश्वत जीवनास पात्र ठरेल. सौदा करताना मान वर केली की हा लेख दिसावा, अशीच योजना आहे. केवळ उपदेशावर मात्र तेथील शहाण्या लोकांनी भिस्त ठेवली नव्हती. याच इमारतीच्या मनोऱ्यात दिवाळखोर व्यापाऱ्यांसाठी तुरुंगही होता!

समोरच १९२८ साली उघडलेली मध्यवर्ती मंडई आहे; लोखंड, काच आणि रंगीत फरशा यांची ती इमारत इतकी सुंदर की एखाद्या संस्थानिकाचा दरबार वाटावा. मांस-मासळीचा भाग टाळून सौ. रोज सकाळी भाजीच्या गाळ्यांवर जात. चौथ्या दिवशी एक भाजीवाली त्यांना ओळखू लागली आणि वजनात एक टोमॅटो जास्त टाकू लागली. एका गावी सावकाश राहिल्यानेच हे घडले. दोन दिवसांच्या पाहुण्याला ती वरचा टोमॅटो कशाला टाकील?

गुरुवारी दुपारी बाराच्या ठोक्याला तेथील मुख्य चर्चच्या एका दारापाशी पाणी-न्यायालय भरते. कालव्यांचे शेतकरी-प्रतिनिधी काळे डगले घालून अर्धवर्तुळात बसतात. ज्याच्यावर आरोप असेल तो समोर उभा राहतो. वकील नाही, कागद नाही. सगळे तोंडी, तेथल्या लोकभाषेत, आणि निकाल तत्काळ. शतकानुशतके चाललेल्या या न्यायदानाला युनेस्कोने २००९ साली मान्यता दिली आहे. आपल्याकडील जुन्या पंच मंडळींची आठवण होऊन आम्ही दोन्ही गुरुवारी तेथे गेलो. दोन्ही वेळा एकही तक्रार नव्हती. पंच बसले, पुकारा झाला आणि सभा उठली. तक्रार नसतानाही न्यायालय भरवावयाचे, यातच त्याचे सामर्थ्य असावे.

जिनोआमार्गे फ्लॉरेन्सला

बार्सिलोनाहून आगबोटीने एक रात्र प्रवास करून इटलीतील जिनोआ बंदरात उतरलो. १४०७ ते १८०५ पर्यंत चाललेल्या सेंट जॉर्ज बँकेची इमारत तेथे बंदराच्या तोंडाशीच आहे. पण जिनोआने आम्हाला जिंकले ते ‘फारिनाता’ नावाच्या खाद्याने. हरभऱ्याचे पीठ पाण्यात कालवायचे, त्यात मीठ आणि ऑलिव्हचे तेल घालायचे आणि तांब्याच्या मोठ्या परातीत भट्टीत भाजायचे. आपले बेसनाचे धिरडेच! सौ.नी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, “अहो, यात थोडा ओवा आणि हिरवी मिरची हवी होती.” आठवडाभर आमची न्याहारी तीच झाली.

तेथून फ्लॉरेन्सला गेलो आणि दोन आठवडे राहिलो. चित्रे, शिल्पे आणि ब्रुनेलेस्कीचा प्रचंड घुमट यांविषयी पुष्कळांनी लिहिले आहे; मी त्याची पुनरुक्ती करीत नाही. आमचे मन गुंतले ते तेथून रेल्वेने अर्ध्या तासाच्या अंतरावर असलेल्या प्रातो या कापडाच्या गावात.

प्रातोचा व्यापारी आणि त्याची पत्नी

प्रातो हे आजही लोकरी कापडाचे केंद्र आहे. जगभरातून आलेले जुने लोकरी कपडे रंगवारीने निवडून, पिंजून त्यांचे पुन्हा सूत काढण्याचा उद्योग तेथे एकोणिसाव्या शतकापासून चालतो. आपल्याकडे पानिपतला असाच उद्योग आहे. पण मी तेथे गेलो तो फ्रान्चेस्को दातिनी या चौदाव्या शतकातील व्यापाऱ्याचा वाडा पाहावयास. १३४८ च्या प्लेगमध्ये तो पोरका झाला. कोवळ्या वयात फ्रान्समधील अविन्योंला गेला, तेथे नशीब काढले आणि १३८३ साली श्रीमंत होऊन गावी परतला. पिसा, फ्लॉरेन्स, जिनोआ, बार्सिलोना, व्हॅलेन्सिया, मायोर्का अशा ठिकाणी त्याच्या पेढ्या होत्या. आम्ही ज्या शहरांतून आलो त्यांतील कित्येकांत त्याचे मुनीम बसलेले होते, या विचाराने गंमत वाटली. त्याने कोणताही कागद फेकू नये असा दंडक घातला होता. १८७० साली त्याच्या वाड्यात हे दप्तर सापडले. सुमारे दीड लाख पत्रे आणि पाचशेहून अधिक हिशेबाच्या वह्या! मध्ययुगीन व्यापाराचा एवढा मोठा खासगी संग्रह दुसरीकडे क्वचितच असेल. त्यावर आयरिस ओरिगो या लेखिकेने १९५७ साली लिहिलेले इंग्रजी पुस्तक आम्ही बरोबर घेतले होते. संध्याकाळी भोजन आटोपले की मी त्यातील एकेक प्रकरण सौ.ना मराठीत सांगत असे.

या दप्तरात व्यापारी पत्रांबरोबर दातिनी आणि त्याची पत्नी मार्गेरिता यांनी एकमेकांना लिहिलेली शेकडो पत्रे आहेत. एवढी पत्रे का? तर लग्न होऊनही दोघे वर्षानुवर्षे वेगवेगळ्या गावी राहिली. तो पिसाला किंवा फ्लॉरेन्सला पेढीवर, ती प्रातोत घरी. प्रातो ते फ्लॉरेन्स अंतर अवघे पाच-सहा कोस! पत्रांत प्रेमाच्या ओळी थोड्या आणि निरोप फार. धान्य, तेल, कपडे, येणे वसूल करणे, पाहुण्यांची सरबराई. मार्गेरिता आरंभी दुसऱ्याकडून पत्रे लिहवून घेई. पुढे तिशी उलटल्यावर तिने स्वतः लिहिण्याचा सराव केला. तिला मूल झाले नाही. नवऱ्याला एका दासीपासून झालेली मुलगी मात्र तिने पोटच्या लेकीसारखी वाढविली. इतक्या पसाऱ्यात स्वतःला शिणवून घेऊ नका, असे ती नवऱ्याला परोपरीने लिहीत असे. त्याचा मित्र आणि लेखनिक लापो मात्सेई हाही त्याला तेच सांगे. दातिनी ऐके सर्वांचे, पण वह्या मिटत नसत.

हे ऐकून सौ. बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “सहाशे वर्षांपूर्वीही हेच होते म्हणायचे. माझ्या ट्रंकेत तुमची सुरतेची आणि अहमदाबादची पत्रे आहेत. सगळ्यांची सुरुवात एकच. ‘गाठी पोचल्या का?’” त्या हसून बोलल्या आणि मीही हसलो. आमच्या पिढीत खरेदीला पंधरा-पंधरा दिवस बाहेर राहण्याची रीतच होती, त्यात विशेष काही नव्हते. परंतु त्या पत्रांना उत्तर देणारी बाई घरी बसून दुकानाचे निम्मे काम करीत होती, एवढी नोंद आपल्या व्यापारी घराण्यांच्या इतिहासात कोठे तरी झाली पाहिजे. आपल्या स्मरणिकांतून संस्थापकांची छायाचित्रे छापली जातात; त्यांच्या शेजारी त्या घरातील मार्गेरितांचीही छापली जावीत.

दातिनी १४१० साली वारला. वारसपुत्र नव्हता. आपली बहुतेक सारी संपत्ती त्याने प्रातोतील गोरगरिबांसाठी ठेवली, आणि फ्लॉरेन्समध्ये टाकून दिलेल्या अर्भकांसाठी आश्रम काढावा म्हणून एक हजार फ्लोरिन वेगळे दिले. त्या देणगीला तेथील रेशीम व्यापाऱ्यांच्या संघाने हात दिला, आणि १४१९ साली ब्रुनेलेस्कीने ‘इन्नोचेन्ती’ म्हणजे निष्पापांच्या आश्रमाची इमारत उभारण्यास प्रारंभ केला. तिच्या कमानींवर निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या बाळांच्या गोल तबकड्या बसविलेल्या आहेत. आतील संग्रहालयात मातांनी बाळापाशी ठेवलेल्या खुणा जपल्या आहेत. अर्धे तोडलेले नाणे, एखादे पदक, एखादा मणी. पुढेमागे दुसरा तुकडा जुळवून लेकरू ओळखता यावे म्हणून! ही संस्था मुलांसाठी आजही काम करते. दातिनीच्या पेढ्या त्याच्यामागे बंद झाल्या. व्यापाऱ्यांनी दिलेल्या या पैशाचे काम सहाशे वर्षे चालू आहे.

व्हेनिस

अखेरचे दहा दिवस व्हेनिसला. लुका पाचोली या धर्मोपदेशक गणितज्ञाने दुहेरी जमाखर्चाची पद्धत सांगणारे पुस्तक १४९४ साली येथेच छापले. ती पद्धत त्याने शोधली नव्हती. व्हेनिसचे व्यापारी ती आधीपासून वापरीत होते, त्याने ती नीट मांडून जगापुढे ठेवली. रिआल्तो बाजारातील सान जाकोमो या लहानशा चर्चच्या मागील भिंतीवर व्यापाऱ्यांना उद्देशून एक जुना लेख आहे. या मंदिराभोवती व्यापाऱ्याचा व्यवहार न्यायाचा असो, वजने खरी असोत आणि करार वाकडे नसोत, असा त्याचा भाव. आपल्याकडे अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत ‘हीनाधिक मानोन्मान’ म्हणजे खोटे माप सांगितले आहे, त्याची आठवण तेथे उभे राहून न झाली तरच नवल.

परंतु व्हेनिसने एक धोक्याची गोष्टही दाखविली. १९५१ च्या सुमारास जुन्या शहरात पावणेदोन लाख लोक राहत होते. २०२२ साली ती संख्या पन्नास हजारांच्या खाली गेली. घरे प्रवाशांच्या मुक्कामासाठी गेली, भाजीची आणि कापडाची दुकाने मुखवटे आणि खेळणी विकू लागली. २०२४ पासून ठराविक दिवशी, दिवसापुरत्या येणाऱ्या प्रवाशांकडून नगरपालिका प्रवेशशुल्क घेऊ लागली. आमच्यासारखे प्रवासीच या स्थितीला हातभार लावतात, हे उघड आहे. म्हणून निदान त्या गावात काही दिवस राहावे, तेथल्या माणसाच्या दुकानातून घ्यावे, एवढे तरी प्रवाशाच्या हाती असते. जेथे रहिवासी उरत नाही तेथे बाजाराची जत्रा होते, आणि जत्रा उठली की मागे काही राहत नाही.

आहाराविषयी थोडेसे

पुष्कळ सभासद मला प्रथम हाच प्रश्न विचारतात, म्हणून थोडक्यात लिहितो. लहान कुकर, तांदूळ, मुगाची डाळ, मेतकूट आणि मसाले येथून न्यावेत. तूप व इतर दुग्धजन्य पदार्थ युरोपात नेण्यास बंदी आहे. तेथील चीज घेताना चौकशी करावी. इटलीतील प्रसिद्ध पार्मेझान वासराच्या जठरातील रसाने गोठविलेले असते, त्यामुळे ते आपल्याला वर्ज्य. उलट पोर्तुगालमधील सेरा दा एश्त्रेला हे मेंढीच्या दुधाचे चीज एका काटेरी वनस्पतीच्या फुलांनी गोठवितात. सूपमध्ये भाजीच असेल असे गृहीत धरू नये. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांना स्पेनमधील उपाहारगृहे उपयोगाची नाहीत, कारण ती रात्री साडेआठ-नऊला उघडतात. पण मे-जूनमध्ये सूर्यच नऊच्या सुमारास मावळत असल्याने घरी नेम सहज पाळता येतो. लिस्बनला १९७५ नंतर मोझांबिकमधून आलेल्या गुजराती कुटुंबांची मोठी वस्ती असून तेथील राधाकृष्ण मंदिरात शाकाहारी भोजनाची सोय आहे.

परतल्यावर

जूनच्या अखेरीस आम्ही घरी आलो. लग्नसराई पार पडली होती. रोजमेळ मी उघडून पाहिला. तो बिनचूक होता. माल थोडा निराळा मागविलेला होता आणि एका जुन्या गिऱ्हाइकाला अडचणीच्या वेळी मुलांनी मुदत वाढवून दिली होती. मी तेथे असतो तर कदाचित दोन्ही गोष्टी तशा झाल्या नसत्या, आणि दोन्ही चांगल्या ठरल्या. दुकान माझ्यावाचून चालले याचे दुःख मानावे की सुख, असा प्रश्न एका मित्राने विचारला. मी त्याला सांगितले की, ज्या पेढीचा मालक अडीच महिने दूर राहू शकत नाही, ती पेढी त्याच्या मुलांना कधी मिळालेलीच नसते.

सौ.नी प्रवासात रोजच्या खर्चाची एक वही ठेवली होती. एका बाजूस जमा, दुसऱ्या बाजूस नावे, आणि प्रत्येक गावाच्या अखेरीस शिल्लक. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ताळा बरोबर जमतो. अडतीस वर्षे त्यांनी घर चालविले ते असेच, हे मला माहीत होते. पण वही हाती घेऊन वाचली ती प्रथमच. त्या वहीच्या मागच्या पानांवर पोर्तुगीज शब्द आहेत, फारिनाताची कृती आहे आणि व्हॅलेन्सियाच्या भाजीवालीचे नाव आहे.

आपल्यातील ज्या दांपत्यांची मुले हाताशी आली आहेत, त्यांना माझी एवढीच विनंती आहे. प्रवास युरोपचाच करावा असे नाही. हंपी-बदामीचा करा, कोकणातील एखाद्या गावी महिनाभर राहा. पण तो सावकाश करा, दोघांनी करा आणि गुडघे शाबूत आहेत तोवर करा. यात्रेचे पुण्य निराळे आणि सहवासाचे सुख निराळे. संसारात दोन्हींची जागा आहे. पत्र लिहून विचारपूस करण्याचे दिवस आता गेले. जे बोलायचे ते शेजारी बसून, कोणतीही घाई नसताना बोलता येते, ही गोष्ट दातिनीसारख्या श्रीमंताला लाभली नाही. आपल्याला ती मनात आणले तर सहज लाभण्यासारखी आहे.